मोटारीच्या केबलचा जोड पाण्यात टिकावा म्हणून

विहिरीतली पाणबुडी मोटार वरचेवर बंद पडू लागली, स्टार्टर टिकेना, की आपण ती वर काढून थेट रिवाइंडिंगला नेतो. पुष्कळदा मोटार निर्दोष असते. दोष असतो केबलच्या जोडात. वायरी पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची आणि मोटार खाली सोडायची, ही आपली रूढ पद्धत. टेपचा चिकटपणा ऊनपाण्याने जातो, कडा उचलतात आणि पाणी तांब्यापर्यंत पोचते. मोटार जळाली तर नुकसान पैशाचे. पण असा जोड ओल्या बांधावर अनवाणी पायाखाली आला तर माणूस जातो. ज्यांना रात्री पाणी द्यावे लागते, त्यांना तर तो दिसतही नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे उष्णतेने आखडणारी नळी. इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘हीट श्रिंक स्लीव्ह’ म्हणून मागावी. हे प्लास्टिक किरणांचा मारा करून, मग ताणून रुंद केलेले असते. उष्णता लागताच ते मूळ मापावर येऊन वायरीला आवळते. अमेरिकेत १९५७ साली स्थापन झालेल्या रेकेम कंपनीने अशा नळ्यांचा प्रसार केला.

‘दोनास एक’ या प्रकारातली १० मिलिमीटरची नळी आखडून ५ मिलिमीटर होते. जोडावरून सहज सरकेल, पण आखडल्यावर वायरीपेक्षा बारीक होईल, असे माप घ्यावे. पाण्यातल्या जोडासाठी मात्र आतून गोंद लावलेलीच नळी हवी. साधी नळी घट्ट बसते, पण पाणी अडवीत नाही. येथे काटकसर मला मुळीच मान्य नाही.

जोड परवानाधारक वायरमनकडूनच करवावा, पण शेजारी उभे राहून पाहावे. आधी मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढावेत व खिशात ठेवावेत; पेटीवर ठेवले तर कोणीतरी शहाणा येऊन बसवतो. ऑटो स्विच असेल तर वीज येताच मोटार सुरू होते, हे विसरू नये. नळ्या वायरी जोडण्यापूर्वीच ओवून ठेवाव्या लागतात, मागाहून त्या जात नाहीत. तिन्ही वायरी कमीजास्त लांबीवर कापाव्यात, म्हणजे जोड एकमेकांशेजारी येत नाहीत. तांब्याचे टोक वर राहिले तर नळीला भोक पडते, म्हणून ते कानशीने घासावे. नळी दोन्ही बाजूंच्या शाबूत आवरणावर किमान इंचभर चढलेली हवी. उष्णता मध्यापासून टोकांकडे द्यावी, म्हणजे हवा बाहेर पडते. हीट गन उत्तम. काडीच्या ज्योतीने नळी करपते. टोकांशी गोंद डोकावला की काम झाले. तिन्ही जोडांवर शेवटी एक मोठी गोंदाची नळी चढवावी, ती पूर्ण निवू द्यावी आणि जोड बादलीभर पाण्यात बुडवून मेगरने तपासून घ्यावा.

एवढे करूनही नळी ओझे पेलत नाही. मोटार दोराला किंवा पाइपाला टांगावी, केबलला कधीही नाही.

घरात मिक्सर किंवा इस्त्रीची वायर प्लगजवळ तुटते, तेथे भगिनींनी नळीच्या नादी लागू नये. तुटका भाग कापून नवा प्लग बसवून घ्यावा. कडबाकुट्टीची वायर जागोजागी तडकली असेल, तर ती सबंध बदलावी.