हॉमलेट गावाचा निळा नकाशा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ साली ‘द व्हिलेज ऑफ हॉमलेट’ ही लहानशी पुस्तिका सिद्ध केली, आणि एखादे कल्पित गाव किती साक्षात उभे करता येते याचा वस्तुपाठच खेळाडूंपुढे ठेवला. जुन्या कुलकर्णी-दफ्तरात शोभावी अशा तपशिलाने येथे घरोघरची नोंद आहे: कोण राहतो, धंदा कोणता, शस्त्र धरू शकेल असा पुरुष कोण, आणि ठेव कोठे दडविली आहे. सराई, गिरणी, सेंट कथबर्टचे देवालय, जुन्या धर्माच्या उपासकांची वनराई आणि बांधकाम चालू असलेला किल्ला ही सारी स्थळे क्रमांकांनिशी नकाशात दाखविलेली आहेत. आणि सालस दिसणाऱ्या रहिवाशांत शत्रूचे हेरही वावरतात!

नकाशा सुट्या वेष्टनाच्या आतील बाजूस, फिक्या निळ्या रंगात छापलेला असे. तो रंग त्या काळच्या छायाप्रत यंत्रांना नीट टिपता येत नसे, म्हणून नक्कल रोखण्यासाठी त्याची योजना झाली असे सांगतात. व्यवहारातून जन्मलेला हा निळा रंग पुढे स्मरणरंजनाचे चिन्ह ठरला, आणि आजचे कित्येक नकाशाकार तो हेतुपुरस्सर वापरतात. माझ्या मते आजच्या झगझगीत रंगीत नकाशांहून तोच सरस आहे, कारण रिकाम्या जागा भरण्याचा अधिकार तो खेळाडूच्या कल्पनेकडे ठेवतो.

मित्रहो, आपल्या खेळासाठी गाव रचावयाचे असेल, तर प्रथम ही पुस्तिका वाचा.