प्रकाश देणारे रेणू आणि फेम्टोसेकंदाचे घड्याळ

रात्रीच्या वेळी पुष्कळशा नव्या फोनचा पडदा पाहिला, तर त्यावरील काळा भाग अगदी काळाकुट्ट दिसतो. ह्याचे कारण असे, की ह्या पडद्यामागे दिवा नसतो. पडद्याचा प्रत्येक बिंदू हाच एक स्वतंत्र दिवा होय. त्या दिव्यात तापणारी तार नाही की वायू नाही. मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असे कार्बनी संयुगांचे थर, एवढाच त्याचा संसार. विद्युत्प्रवाह मिळताच हे थर प्रकाशतात. अशा पदार्थांना सेंद्रिय अर्धसंवाहक म्हणतात.

अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १० व्होल्टांहूनही कमी दाबावर चालणारा असा दिवा तयार केला व १९८७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्यात शंभर इलेक्ट्रॉन खर्ची पडले, तर सुमारे एकच प्रकाशकण बाहेर येई. काही प्रकाश काचेत व थरांतच अडकून राही, हे खरे. पण तोट्याचे एक मोठे कारण खुद्द रेणूच्या स्वभावात दडलेले होते.

चारांपैकी तीन

दिव्याच्या एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात. दुसऱ्या बाजूने, इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे निर्माण झालेल्या रिक्त जागा सरकत येतात. दोहोंची एका रेणूवर गाठ पडली, की तो रेणू उत्तेजित होतो, म्हणजे त्याच्यापाशी जास्तीची ऊर्जा साठते. ही ऊर्जा प्रकाशरूपाने टाकून तो पूर्वस्थितीला येऊ शकतो. मात्र इलेक्ट्रॉनाला परिवलन नावाचा एक गुणधर्म असतो. गाठ पडताना परिवलनांची जुळणी चार प्रकारांनी होऊ शकते. त्यांपैकी एका प्रकारात प्रकाश देण्याची वाट मोकळी असते. तिला एकक अवस्था म्हणतात. उरलेल्या तीन प्रकारांना मिळून त्रिक अवस्था म्हणतात. त्यांत ती वाट जवळजवळ बंद असते. म्हणजे १०० उत्तेजित रेणूंपैकी सुमारे ७५ रेणूंची ऊर्जा सामान्यतः उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

काळाचे मोजमाप

ही ऊर्जा वाचवावयाची, तर उत्तेजित रेणूत कोणती घटना आधी घडते व कोणती मागाहून, हे कळले पाहिजे. त्यातील काही घटना फेम्टोसेकंदांत घडतात. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजावयास सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील!

इतका अल्प काळ कोणतेही यांत्रिक घड्याळ मोजू शकत नाही. म्हणून शास्त्रज्ञ प्रकाशालाच घड्याळ करतात. लेसरचा एक अतिशय आखूड स्पंद रेणूंना उत्तेजित करतो. मागाहून येणारा दुसरा स्पंद त्यांची अवस्था तपासतो. दुसऱ्या स्पंदाच्या मार्गातील आरसा ०·१५ मिलिमीटर मागे सरकविला, की त्याची जाण्यायेण्याची वाट ०·३ मिलिमीटरने वाढते आणि तो १,००० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. आरसा थोडाथोडा सरकवीत गेले, म्हणजे घटनेचा सारा क्रम उलगडतो. अशा पद्धतीने रासायनिक क्रियांचा अभ्यास करणारे अहमद झेवैल यांना १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या मोजमापांतून असे दिसले, की उत्तेजित रेणूची थरथर बहुधा काही पिकोसेकंदांतच शमते. एकक अवस्था साधारणतः काही नॅनोसेकंद टिकते. त्रिक अवस्था मात्र त्याच्या हजारो पट, कधीकधी लाखो पट काळ रेंगाळते.

अडकलेल्यांची सुटका

त्रिक अवस्थेची बंद वाट उघडण्याचे दोन उपाय सापडले. पहिला उपाय जड धातूचा. १९९८ च्या सुमारास अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्प्सन व त्यांचे सहकारी यांनी प्लॅटिनम आणि नंतर इरिडियम यांची संयुगे वापरली. जड अणूच्या प्रभावामुळे परिवलनाचे बंधन सैल होते. इरिडियमच्या अशा संयुगांत एकक अवस्था सुमारे १०० फेम्टोसेकंदांतच त्रिक अवस्थेत बदलते, आणि ती त्रिक अवस्था स्वतःच प्रकाश देते.

दुसरा उपाय जपानच्या क्यूशू विद्यापीठातील चिहाया अदाची व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यांनी रेणूची रचनाच अशी केली, की दोन्ही अवस्थांमधील ऊर्जेचा फरक एखाद्या बुटक्या उंबरठ्याइतका राहावा. खोलीतील नेहमीची उष्णताच रेणूला हा उंबरठा ओलांडून एकक अवस्थेत आणते, आणि मग तो प्रकाश देतो. येथे दुर्मिळ धातूची गरज उरत नाही.

निळ्या रंगाचे कोडे मात्र सर्वांत अवघड ठरले. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा अधिक. दोन उत्तेजित रेणूंची ऊर्जा एकाच ठिकाणी गोळा झाली, तर ती रेणूतील बंधच तोडू शकते. त्रिक अवस्था जितकी रेंगाळेल, तितका हा धोका वाढतो. त्यामुळे लाल व हिरव्या दिव्यांत त्रिक अवस्थेचा उपयोग होऊ लागल्यावरही, निळ्यासाठी दीर्घकाळ मुख्यतः एकक अवस्थेवर चालणारे रेणूच वापरावे लागले. पडद्याचे आयुष्य आणि विजेची बचत ही दोन्ही, रेणू किती त्वरेने आपली ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतो यावर अवलंबून आहेत. आणि ती त्वरा मोजावयाचे साधन म्हणजे मागेपुढे सरकणारा एक आरसा होय.