नामपूर परिसरातील घरगुती वीज-नळ सेवेचा व्यवसाय

घरातील वायरिंग, नळ, पाण्याची मोटार, गिझर, इन्व्हर्टर आणि छतावरचे सोलर यांची जोडणी व दुरुस्ती ठरलेल्या मोबदल्यात करून देणे, हा घरगुती सेवा-कंत्राटाचा व्यवसाय. मोठ्या शहरांत ही कामे वेगवेगळ्या कारागिरांत वाटली गेली आहेत. २०१४ साली ‘अर्बनक्लॅप’ नावाने सुरू झालेल्या अर्बन कंपनीसारख्या संस्था तिथे मोबाइलवरून कारागीर पाठवतात. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील नामपूरसारख्या बाजारगावात वायरमन, नळफिटिंगवाला आणि मोटार दुरुस्त करणारा यांच्या कामांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. नव्या घराच्या कामावर असा व्यवसाय उभा राहतो; तो टिकतो मात्र त्याच घरी पुन्हा बोलावणे येण्यावर.

गाव आणि ग्राहक

नामपूर मोसम नदीच्या खोऱ्यात आहे. सह्याद्रीच्या साल्हेर-मुल्हेर भागातून येणारी ही नदी हरणबारी धरणातून पुढे मालेगावकडे जाते आणि गिरणेला मिळते. कांदा आणि डाळिंब ही खोऱ्यातील पैशाची पिके. गावाला स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती असून आसपासच्या खेड्यांतील शेतकरी माल घेऊन येथे येतात. त्यामुळे व्यवसायाचा ग्राहक केवळ गावापुरता नसतो; बाजाराला आलेला माणूस जाताना आपल्या घरचे कामही सांगून जातो.

ग्राहकांचे तीन गट पडतात. गावठाणातील जुन्या घरांत माती-दगडाच्या किंवा जुन्या विटांच्या भिंती असतात, वायरिंग वरून पट्टीने नेलेले असते आणि अर्थिंग पुष्कळदा नावापुरते असते. गावाच्या कडेला नव्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या बंगल्यांत कन्सिल्ड वायरिंग, सीपीव्हीसी पाइप, गिझर आणि एसी यांची कामे निघतात. तिसरा गट मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांचा. मळ्यातील वस्ती शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर असेल, तर थ्री-फेज पुरवठा ठरावीक वेळीच मिळतो, दाबही कमी-जास्त होतो. अशा घरी इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि मोटारीचे संरक्षण या गोष्टी चैनीच्या राहत नाहीत.

कामाला ऋतुमान असते. मार्च-एप्रिलपासून पंखे, कूलर आणि मोटारी यांची धावपळ सुरू होते. वळवाच्या वादळी पावसात तारा तुटतात, विजेने उपकरणे जळतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींतून करंट उतरण्याच्या तक्रारी येतात. दिवाळीआधी रंगरंगोटीबरोबर बोर्ड आणि फिटिंग बदलली जातात. नव्या बांधकामाला वेग येतो तो पीक विकून हातात पैसा आल्यावर.

परवाना आणि कायदा

वायरिंग येणे आणि वायरिंग करण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वीजसंचाची उभारणी, वाढ, बदल आणि दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची असते. हे विनियम २०१० साली लागू झाले आणि २०२३ साली नव्याने काढण्यात आले. नवी वीजजोडणी मागताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. कोणाच्या तरी परवान्यावर सही-शिक्का घेऊन काम उरकण्याची पद्धत ग्राहकाला धोक्यात टाकते. अपघात झाला, तर काम कोणाचे हेच ठरत नाही.

परवान्याकडे जाणारा सरळ रस्ता आयटीआयमधून जातो. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे अभ्यासक्रम प्रत्येकी दोन वर्षांचे आहेत, प्लंबरचा एक वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली उमेदवारी करता येते. मोटार रिवाइंडिंगचे कसब मात्र अजूनही उस्तादाच्या हाताखाली बसूनच येते.

व्यवसाय म्हणून उभे राहण्यास लागणारी कागदपत्रे थोडी आहेत. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते.

कामाची प्रत

घराच्या वायरिंगचे नियम भारतीय मानक ७३२ मध्ये आणि अर्थिंगचे ३०४३ मध्ये दिले आहेत. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त लोड नको, असा संकेत आहे. व्यवहारात दिव्यांसाठी १ किंवा १.५, पॉवर पॉइंटसाठी २.५ आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरतात. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट खेचतो. तो दिव्यांच्या वायरवर जोडला, तर भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि बिघाड वर्षा-दोन वर्षांनी समोर येतो. तोवर काम करणारा विसरला गेला असला, तरी दोष त्याचाच असतो.

अर्थिंग हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. बागलाणातील जमीन पुष्कळ ठिकाणी मुरमाड आणि खडकाळ आहे. अशा जमिनीत ओलावा टिकत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून खड्डा पुरेसा खोल घेणे, कोळसा-मीठ किंवा तयार संयुग भरणे, वरून पाणी घालण्याची सोय ठेवणे आणि शेवटी अर्थ टेस्टरने मोजून पाहणे आवश्यक असते. घरगुती जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी बसवले, तर गळणारा करंट माणसाच्या जिवावर बेतण्याआधी पुरवठा बंद होतो. एमसीबी वायरचे रक्षण करते, आरसीसीबी माणसाचे. हा फरक ग्राहकाला समजावून सांगणे हाही सेवेचाच भाग आहे.

वायर ओढून झाली की ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासतात. प्लास्टर आणि रंग होण्याआधी ही चाचणी घेतली, तर दोष सहज सापडतो. नंतर भिंत फोडावी लागते. नळकामातही हाच न्याय लागू पडतो. भिंतीत पाइपासाठी मारलेली झिरी बुजवण्याआधी पाइपांत दाबाने पाणी भरून ते काही तास तसेच ठेवले की सांध्यांची परीक्षा होते. बोअरचे पाणी जड असल्याने गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरमध्ये क्षार साचतात. ते वेळोवेळी साफ करणे हे वर्षभर पुरणारे काम आहे.

दर कसा ठरतो

नव्या घराचे काम तीन रीतींनी घेतात. पॉइंटवर दर ठरतो, माल सोडून मजुरी अंगावर घेतली जाते किंवा मालासकट उक्ते काम घेतले जाते. दुरुस्तीला यांतली कोणतीही रीत नीट लागू पडत नाही, कारण तिथे जाण्यायेण्याचा आणि बिघाड शोधण्याचा वेळ प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त असतो. बहुतेक छोटे व्यवसाय तोट्यात जातात ते इथेच. दर शेजारच्याला विचारून ठरवला जातो, स्वतःच्या खर्चावरून काढला जात नाही.

उदाहरणादाखल दोन कारागीर आणि एक हेल्पर असलेला व्यवसाय घ्यावा. पगार ४६,००० रुपये, गाळ्याचे भाडे, पेट्रोल, फोन, हत्यारांची झीज आणि विमा मिळून २०,००० रुपये, आणि मालकाचा स्वतःचा पगार ३०,००० रुपये धरला, तर महिन्याचा खर्च ९६,००० रुपये होतो. दोन कारागिरांचे २६ दिवस, रोजचे आठ तास धरून ४१६ तास भरतात. त्यावरून तासाचा खर्च २३१ रुपये दिसतो. पण तो आकडा फसवा आहे. सामान आणणे, मळ्यापर्यंत जाणे आणि वीज येण्याची वाट पाहणे यांत बराच वेळ जातो. बिल करता येतील असे तास २५० च निघाले, तर तासाचा खरा खर्च ३८४ रुपये पडतो आणि नफा त्याच्या वर धरावा लागतो. २३१ च्या हिशेबाने दर लावणारा प्रत्येक विकलेल्या तासामागे १५३ रुपये पदरचे घालतो. दिवसभर राबूनही हातात काही उरत नाही, या सार्वत्रिक तक्रारीचे उत्तर बहुधा याच आकड्यांत असते.

मालावरचा नफा काढतानाही चूक होते. १,००० रुपयांच्या मालावर २५ टक्के चढवून १,२५० ला विकला, तर नफा विक्रीच्या २० टक्केच असतो. विक्रीच्या २५ टक्के हवे असतील, तर किंमत १,३३३ रुपये ठेवावी लागते.

दुरुस्तीसाठी भेटीचे शुल्क आणि नेहमीच्या कामांचे ठरीव दरपत्रक ठेवणे हा चांगला मार्ग आहे. पंख्याचा कंडेन्सर, फ्लश टाकीचा वॉल्व्ह, मोटारीचा स्टार्टर अशा कामांचे दर आधीच लिहिलेले असले, की कारागिराला दारात घासाघीस करावी लागत नाही आणि ग्राहकालाही काम सुरू होण्याआधी आकडा कळतो. सामानाच्या दुकानाकडून मिळणारे कमिशन हा नाजूक भाग आहे. ते लपवून महाग माल गळ्यात मारणाऱ्याचे नाव छोट्या गावात फार दिवस झाकले राहत नाही.

उधारी

शेतीच्या गावात उधारी टाळता येत नाही. तिला शिस्त लावता येते. उन्हाळ कांदा चाळीत भरला की तो भाव पाहून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने विकला जातो. कांदा विकल्यावर पैसे देतो, असे म्हणणारा ग्राहक सहसा बुडवत नसतो. पण तोवर कारागिरांचा पगार थांबत नाही. यासाठी नव्या घराचे पैसे कामाच्या टप्प्यांना बांधतात. झिरी मारून पाइप टाकल्यावर पहिला हप्ता, वायर ओढल्यावर दुसरा आणि बोर्ड-फिटिंगआधी तिसरा, असा क्रम असतो. शेवटच्या टप्प्यापर्यंत फक्त थोडी रक्कम उरावी. मालाचे पैसे मात्र आगाऊ घ्यावेत, कारण दुकानदाराची उधारी ठेकेदाराच्या नावावर चढते. किरकोळ दुरुस्तीचे पैसे त्याच दिवशी घ्यावेत. यूपीआयमुळे सुट्या पैशांची सबब आता उरलेली नाही.

माणसे आणि सुरक्षा

हात बसलेला कारागीर नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा पुण्याला निघून जातो, ही बाजारगावातील मालकांची कायमची अडचण आहे. पगारात शहराशी बरोबरी करता येत नाही, पण वेळेवर पगार, वर्षभर काम आणि पुढे परवाना मिळवण्यास मदत या गोष्टी माणसाला गावात ठेवतात. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या वायरमन-प्लंबरला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ती करून देणे मालकाला फारसे जड नसते. कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते, म्हणून विमा हवाच.

चालू लाइनवर काम न करणे, मेन बंद करून तिथे पाटी लावणे, टेस्टरने खात्री केल्याशिवाय तारेला हात न लावणे, हे नियम घाईतही मोडू नयेत. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही काही सर्किट चालू राहतात. पाण्याच्या टाकीत किंवा विहिरीत उतरताना मोटारीचा पुरवठा तोडलेला असावा.

नोंदवही आणि देखभाल करार

प्रत्येक घराची एक नोंद ठेवणे हे या व्यवसायातील सर्वांत स्वस्त भांडवल आहे. डीबीतील (वितरण पेटीतील) कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, पाइप कोणत्या भिंतीतून गेले, मोटार किती एचपीची आणि किती फुटांवर सोडली, इन्व्हर्टरची बॅटरी कधी बसवली, एवढे लिहिलेले असले की पुढच्या वेळी निम्मा शोध वाचतो. झिरी बुजवण्याआधी भिंतींचे फोटो काढून ग्राहकालाही दिले, तर नंतर खिळा ठोकताना पाइप फुटत नाही. एकाच तक्रारीसाठी दुसरी फेरी का मारावी लागली, हेही नोंदवावे. फुकटची दुसरी फेरी हा व्यवसायातील न दिसणारा तोटा आहे आणि तिचे कारण सहसा निकृष्ट माल किंवा न घेतलेली चाचणी हे असते.

या नोंदीतूनच वार्षिक देखभाल करार उभा राहतो. पावसाळ्याआधी अर्थिंग आणि मीटरपेटीची तपासणी, दिवाळीआधी गिझर आणि फिटिंग, उन्हाळ्याआधी मोटार, टाकी आणि बॅटरी, अशा तीन भेटी ठरीव रकमेत दिल्या, तर कामाच्या मंदीतही उत्पन्न येते आणि बिघाड अवेळी होत नाही.

सोलरचे नवे काम

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेने या व्यवसायाला नवी शाखा दिली. एक किलोवॅटच्या संचाला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. काम नोंदणीकृत विक्रेत्यामार्फतच करावे लागते आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर असते. स्वतः नोंदणी करणे झेपत नसेल, तर अशा विक्रेत्यासाठी जोडणी आणि देखभालीचे काम स्थानिक ठेकेदार घेऊ शकतो. धुळीने माखलेले पॅनल धुणे, सैल जोड आवळणे आणि अर्थिंग तपासणे ही कामे लांबच्या शहरातील विक्रेत्याला वेळेवर जमत नाहीत. तिथे गावातल्या माणसालाच वाव असतो.

वाढ

एकटा कारागीर, मग दोन-तीन माणसांची टोळी, मग स्वतःचे सामानाचे दुकान, असा वाढीचा नेहमीचा क्रम आहे. त्यात तिसरी पायरी सर्वांत फसवी. दुकानात अडकलेला पैसा पगाराच्या वेळी कामाला येत नाही आणि गल्ल्यावर बसलेला मालक साइटवर दिसेनासा होतो. त्याआधी दुसरा परवानाधारक सुपरवायझर तयार करणे अधिक हिताचे, कारण मालक आजारी असतानाही फोन उचलला जाणे आणि सांगितल्या वेळी माणूस दारात पोहोचणे, हीच या व्यवसायाची खरी मालमत्ता आहे. योग्य परवाना, मोजून तपासलेले काम, खर्चावरून काढलेला दर, टप्प्याला बांधलेली वसुली आणि घराघराची नोंद या पाच गोष्टी सांभाळणाऱ्या व्यवसायाला बाजारगावातही वर्षभर काम आणि कामगारांना वर्षभर पगार देता येतो.