ग्राही, रेणू आणि औषधाची वाट

पेशीतील ज्या प्रथिनाला ठरावीक रेणू चिकटला की पेशीचे काम बदलते, त्याला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. मेंदूवरील बहुतेक औषधे आणि कित्येक विषे ग्राहींमार्फतच आपला प्रभाव दाखवतात. पण नुसता ग्राही सापडून भागत नाही. रेणू तिथवर कोणत्या रूपात पोहोचतो आणि चिकटल्यावर पेशीत काय घडते, हेही पाहावे लागते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि २००९ पासून भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या संशोधनाचा मोठा भाग या दोन प्रश्नांचा आहे. मधल्या काळात त्यांनी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभारले.

त्यातला एक धागा पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याला ओळखीचा आहे. तिथे धान कापणीला येण्याआधीच ओलसर बांधीत लाखोळीचे बी फेकतात. पुढे पाणी मिळाले नाही तरी हे पीक तग धरते, म्हणून टंचाईच्या दिवसांत लाखोळीच्या डाळीचाच आधार उरतो. महिनोन्‌महिने मुख्यतः हीच डाळ खाल्ली, तर पाय ताठरतात आणि माणूस चवड्यांवर, काठी टेकत चालू लागतो. आयुर्वेदात या विकाराला कलायखंज म्हणतात, आधुनिक वैद्यकात लॅथिरिझम. याच कारणाने १९६१ मध्ये देशात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली.

डाळीतील ओडॅप हे अमिनो आम्ल ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहकासारखे दिसते. ते ग्लुटामेटच्या एएमपीए नावाच्या ग्राहीला चिकटते आणि चेतापेशीला नको इतके उत्तेजित करते. रवींद्रनाथ यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग करून त्यापुढची पायरी दाखवली. हालचालींचे नियंत्रण करणारा मेंदूचा भाग आणि मज्जारज्जूचा कमरेकडचा भाग, या दोन ठिकाणी पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील ‘कॉम्प्लेक्स-१’ हे विकरसंकुल मंदावले होते. माद्यांना मात्र फारशी इजा झाली नाही. त्यांच्या मेंदूत ग्लुटारेडॉक्सिन हे रक्षक प्रथिन अधिक असते. ते मुद्दाम घटवल्यावर माद्यांचेही मायटोकॉन्ड्रिया बिघडले. माणसांतही हा विकार पुरुषांना अधिक होतो.

दुसरा धागा औषधांच्या रूपांतराचा. औषधाचे विघटन यकृतात होते, असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते. ते घडवणारी सायटोक्रोम पी-४५० कुळातील विकरे मेंदूतही काम करतात, हे या गटाने मानवी मेंदूच्या शवविच्छेदनातून मिळालेल्या नमुन्यांवर दाखवले. चिंताविकारावर दिले जाणारे अल्प्राझोलाम ‘गाबा’ या संदेशवाहकाच्या ग्राहीवर काम करते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या औषधापासून तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचे प्रमाण यकृतापेक्षा मेंदूत जास्त असते. त्यामुळे रक्तातली पातळी मोजून मेंदूतल्या परिणामाचा नेमका अंदाज येतोच असे नाही.

२०१२ मधील अश्वगंधेच्या अभ्यासात वाट उलटी निघाली. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना अश्वगंधेच्या मुळीचा अर्क ३० दिवस तोंडावाटे दिला. त्यांची स्मरणशक्ती सुधारली आणि मेंदूत साचलेले अमिलॉइड हे प्रथिन घटले. परिणाम मात्र यकृतातून होत होता. तिथे एलआरपी हा ग्राही वाढला होता आणि रक्तातून अमिलॉइड ओढून घेतले जात होते. यकृतातला हा ग्राही दाबून टाकताच अर्काचा गुण नाहीसा झाला. हा निष्कर्ष उंदरांपुरता आहे. त्यावरून माणसाच्या उपचाराचा दावा करता येत नाही.

डोळ्यांच्या उपचारातही वाटेचा असाच हिशेब करावा लागतो. काचबिंदूवरचे टिमोलॉल डोळ्यातील बीटा ग्राही रोखून आतल्या द्रवाची निर्मिती कमी करते, त्यामुळे दाब उतरतो. पण थेंबातील जेमतेम ५ टक्के औषध बुबुळातून आत शिरते. उरलेल्यापैकी बरेचसे अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात उतरते. बीटा ग्राही हृदयात आणि श्वासनलिकांतही असतात. म्हणून दमेकऱ्याला हे औषध धोक्याचे ठरू शकते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरला, की अश्रुनलिकेची वाट बंद होते आणि रक्तात जाणारे औषध बरेच कमी होते.