बोलण्याचीही पदवी असते!

“बोलायला माणूस आईच्या मांडीवर शिकतो. त्यासाठी कॉलेज कशाला?” नातवंडांपैकी कोणी ‘कम्युनिकेशन’ घेतो म्हटले की घरोघरी हाच प्रश्न निघतो. आम्ही नर्सिंगमध्ये जन्म काढलेल्या बायका मात्र त्या मुलाच्या बाजूने आहोत. का, ते सांगतो.

या शिक्षणाची गरज कुठे दिसते? संयुक्त अरब अमिरातीत पाहा. २०२० च्या अब्राहम करारानंतर आपल्या लोकांना तिकडे जाणे सोपे झाले. तिथे दहा माणसांत सुमारे नऊ परदेशची. दुकानात मल्याळी, टॅक्सीत उर्दू, कचेरीत इंग्रजी, सरकारदरबारी अरबी. इस्पितळात नर्स केरळची किंवा फिलिपीन्सची, डॉक्टर इजिप्तचा, रोगी पठाण. रोग्याने मान हलवली ती “समजले” म्हणून की नुसते “ऐकले” म्हणून? इथे गल्लत झाली तर औषध चुकते, आणि जीव जातो रोग्याचा.

शारजाची अमेरिकन युनिव्हर्सिटी १९९७ साली आणि झायेद युनिव्हर्सिटी १९९८ साली निघाली. दोन्हीकडे हा विषय पदवीला घेता येतो. आपल्या पुण्याच्या सिंबायोसिसनेही २०२४ साली दुबईत शाखा उघडली.

मुलांनो, या विषयाच्या दोन वाटा आहेत. एक वर्तमानपत्र, टीव्ही, जाहिरातीची. दुसरी माणसामाणसांतल्या बोलण्याची. घरात, कचेरीत, इस्पितळात, परक्या लोकांत. नावे सारखी असतात, म्हणून प्रवेशाआधी कोणकोणते विषय शिकवतात ते नीट विचारा. पदवीला सरकारी मान्यता आहे का आणि ती आपल्या देशात चालते का, हेही पाहा.

दुसऱ्या वाटेवर काय शिकवतात? एडवर्ड हॉल या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ आणि १९६६ च्या पुस्तकांत दाखवले की किती जवळ उभे राहावे, किती वेळ थांबावे, हीसुद्धा भाषाच आहे, आणि ती देशोदेशी वेगळी. अमिरातीत पुष्कळ बायका परक्या पुरुषाशी हात मिळवीत नाहीत. छातीवर हात ठेवून नमस्कार करतात. आपल्यातल्या धार्मिक मंडळींना हे वेगळे सांगायला नको!

भोंदू गोष्टी ओळखायलाही शिकवतात. “बोलण्यात शब्दांची किंमत फक्त ७ टक्के” असे पुष्कळजण ठोकून देतात. मेहराबियन यांचे १९६७ चे ते प्रयोग आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते. औषधाचा डोस काही हातवाऱ्यांनी सांगता येत नाही!

नर्सिंगमध्ये आता ड्युटी सोपवताना चार गोष्टी क्रमाने सांगतात: काय झाले आहे, आधी काय होते, मला काय वाटते, आता काय करावे. ऐकणारी ते परत म्हणून दाखवते. ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून इस्पितळात आली. साधी दिसते, पण तिने जीव वाचतात.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईत १८४६ सालीच हागादा मराठी भाषांतरासह छापला गेला. त्यातले चार मुलगे आठवा. चौथ्याला विचारताच येत नाही. त्याच्याशी आपणच बोलायला सुरुवात करायची, अशी आज्ञा आहे. रोगी असो, नवा आलेला माणूस असो की गप्प बसलेले नातवंड, विचारता न येणारा प्रत्येक घरात, प्रत्येक वॉर्डात असतो. त्याच्याशी आधी कसे बोलावे हे कोणी तीन-चार वर्षे मन लावून शिकणार असेल, तर आजी-आजोबांनी खुशाल आशीर्वाद द्यावा.