जनसंपर्क आणि संस्थेचे परिसराशी अनुकूलन : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना :
जनसंपर्क म्हणजे वृत्तपत्रांना बातम्या पुरविणे आणि संस्थेची प्रतिमा उजळविणे, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज अपुरा आहे. प्रत्येक संस्था विशिष्ट सामाजिक, आर्थिक व राजकीय परिसरात कार्य करीत असते. परिसर बदलला की संस्थेलाही आपली धोरणे बदलावी लागतात. हा बदल वेळीच ओळखून तो निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हे जनसंपर्काचे मूलभूत कार्य होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचा प्रश्न या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

सैद्धांतिक भूमिका :
व्यवस्था सिद्धांतानुसार संस्था ही एक खुली व्यवस्था असते. ती परिसराकडून माहिती घेते व त्यानुसार स्वतःत बदल घडविते. जेम्स ग्रुनिग व टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली : प्रसिद्धी, लोकमाहिती, द्विमार्गी असममित आणि द्विमार्गी सममित. पहिल्या दोन प्रारूपांत संस्था केवळ बोलते. तिसऱ्यात ती ऐकते, परंतु समोरच्याचे मन वळविण्यासाठी. चौथ्या प्रारूपात मात्र ऐकल्यानंतर संस्था स्वतःही बदलण्यास तयार असते. खरे अनुकूलन या चौथ्या प्रारूपातच संभवते.

मुकादम पद्धती आणि संवादाचा अभाव :
बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कामगार ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि कामावर गैरहजर राहिल्यास ‘खाडा’ कापला जातो. कारखान्याचा व्यवहार प्रामुख्याने मुकादम व वाहतूकदार यांच्याशी होतो. त्यामुळे फडातील स्त्रीची अडचण कारखान्याच्या कार्यालयापर्यंत पोहोचण्याचा थेट मार्गच उरत नाही. आदेश वरून खाली येतात; अनुभव मात्र खालून वर जात नाही.

२०१९ मधील प्रश्न :
या अभावाचे गांभीर्य २०१९ मध्ये प्रकट झाले. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची, म्हणजे सुमारे १७ टक्के महिलांची, अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. फडावर शौचालय व पाण्याची सोय नसणे, जड काम, दुर्लक्षित आजार आणि खाड्याची भीती या बाबी चर्चेत आल्या. या अडचणी नव्या नव्हत्या. त्या ऐकून घेणारी यंत्रणा नव्हती.

अनुकूलनाची दिशा :
त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. स्थलांतरापूर्वी व परतल्यानंतर आरोग्य तपासणी करण्यावर भर देण्यात आला. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये व शासनाकडून तेवढीच रक्कम देण्याचे धोरण ठरले. हे बदल आवश्यक होते. तथापि ते बाहेरील दबावानंतर घडले. संस्थेच्या स्वतःच्या जनसंपर्क यंत्रणेने हा धोका आधीच टिपला असता, तर अनेक महिलांची हानी टळू शकली असती.

यातून काही कार्यात्मक निष्कर्ष निघतात. पहिला, जनसंपर्काची वेळ लोकांच्या जीवनक्रमानुसार ठरावी. दसऱ्याच्या सुमारास गाव रिकामे होत असेल, तर हिवाळ्यात त्या गावात घेतलेली आरोग्य जागृतीची सभा निष्फळ ठरते. दुसरा, माध्यम स्थानिक असावे. आशा कार्यकर्ती गावातील स्त्रीशी जे बोलू शकते, ते भित्तिपत्रक बोलू शकत नाही. तिसरा, कारखान्याच्या प्रतिनिधीने कामगारांच्या कोप्यांपर्यंत जाऊन मुकादमाविना तक्रारी ऐकाव्यात आणि त्या थेट संचालक मंडळापुढे ठेवाव्यात.

समारोप :
संस्था परिसराशी जुळवून घेते ती प्रसिद्धीमुळे नव्हे, तर ऐकण्याच्या व त्यानुसार बदलण्याच्या क्षमतेमुळे. ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण, त्यांच्यापर्यंत पोहोचणारा जनसंपर्कच संस्थेला येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना देऊ शकतो. महाविद्यालयांतील जनसंपर्काच्या अध्यापनातही बातमीलेखनाबरोबर लोकांचे म्हणणे ऐकण्याच्या पद्धतींना स्थान मिळणे आवश्यक आहे.