चार नद्या, चार पूल, एक दिवस

बंगळूरहून गाडी काढून किनाऱ्यावर जाणार असाल, तर एक दिवस उत्तर कन्नड जिल्ह्यासाठी राखून ठेवा. होन्नावर ते कारवार अंतर साधारण ९० किलोमीटर, पण वाटेत चार नद्या ओलांडाव्या लागतात. नकाशा मुलांच्या हाती द्या. प्रत्येक पुलावर नदीचं नाव त्यांनाच सांगू द्या.

पहिली शरावती. जोगच्या कड्यावरून उडी घेणारी ती हीच. मग कुमट्याच्या पुढे अघनाशिनी. हिच्या खाडीत गावकरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढतात. जवळच मिर्जानचा किल्ला आहे, पाय मोकळे करायला छान.

तिसरी गंगावळी. तिच्या काठी शिरूरला महामार्गाच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. १६ जुलै २०२४ रोजी इथे दरड कोसळली आणि माणसं गेली. पुढे ७ ऑगस्टला कारवारचा काळी नदीवरचा जुना पूलही रात्री कोसळला. म्हणून ही सहल पावसाळा संपल्यावरच करा. भर पावसात जावंच लागलं, तर आधी रस्त्याची चौकशी करा आणि रात्रीचा प्रवास टाळा.

शेवटची काळी. १८८३ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर आपल्या भावाकडे कारवारला राहिले होते. इथल्या किनाऱ्याला आज त्यांचंच नाव आहे. सूर्यास्ताआधी तिथे पोहोचा. बाजारात कोकणी-मराठी कानावर पडली, की आजी-आजोबांचा शीणही उतरेल.